भुई सारखी होण्याची वेळ

माझ्या हातून एक चूक झाली होती, आणि ती चूक आहे हे मला आठ दिवसांत कळले होते. त्यानंतर दोन वर्षे मी ते कोणालाही सांगितले नाही. चुकीबद्दल मला अज्ञानाची सबब सांगता येईल. मौनाबद्दल कोणतीही सबब माझ्यापाशी नाही. ज्यांना त्या मौनाची झळ लागली, ते देवजीबाबा गेल्या पावसाळ्यात वारले. त्यांच्याविषयी लिहावे असे मनात येते, तेव्हा आधी हे सांगून टाकावे लागते. ते न सांगता त्यांचे कौतुक करणे म्हणजे भिंतीतली ओल तशीच ठेवून वरून चुना फासण्यासारखे होईल.

मी जव्हारच्या एका शाळेत पंचवीस वर्षांहून अधिक काळ विज्ञान शिकवत आलो आहे. उष्णता हा माझा आवडता धडा. वहन, अभिसरण, प्रारण हे तीन शब्द फळ्यावर लिहिताना माझा हात कधी अडखळला नाही. देवजीबाबा शाळेत किती शिकले होते हे मी कधी विचारले नाही. सही मात्र ते झोकात करत आणि शेवटच्या अक्षराखाली एक ठसठशीत टिंब देत. ते कशाला, असे विचारले तर म्हणत, "वॉल बंद केला."

मोखाडा तालुक्यात, सूर्यमाळच्या अंगाला असलेल्या एका गावात ते नळयोजनेचे पाणी सोडण्याचे काम करत. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. खाली ओहोळाकाठी विहीर, तिथून पंपाने माळावरच्या सिमेंटच्या टाकीत पाणी चढायचे, आणि टाकीतून एक लाइन उतारावरून चार पाड्यांना जायची. पहिला पाडा देवजीबाबांचा स्वतःचा, मध्ये दोन, आणि सर्वांत शेवटी खालचा पाडा. प्रत्येक पाड्याआधी जमिनीत एक वॉल, म्हणजे पाणी सोडायची-अडवायची झडप. ते वॉल फिरवायची लांब दांड्याची लोखंडी चावी देवजीबाबा खांद्यावर घेऊन चालत. काम संपले की ती धूत, धोतराच्या सोग्याने पुसत आणि घरात देवाच्या कोनाड्याखाली उभी करून ठेवत.

लाइनवर ते अनवाणी चालत. चपला होत्या, चांगल्या होत्या, पण त्या काखेत. मोखाड्याच्या बाजारात आणि ग्रामपंचायतीच्या पायरीवर तेवढ्या पायांत यायच्या. "चप्पल माणसांसाठी," ते म्हणत, "लाइनला पाय दाखवावा लागतो." हे बोलणे गमतीचे वाटेल, पण ते त्यांच्या कामाचे मुख्य साधन होते. कुठे पाइप झिरपू लागला तर तिथली भुई वेगळी लागते, असे त्यांचे म्हणणे. चालायला सुरुवात करण्यापूर्वी ते दगडावर बसत आणि दोन्ही तळवे टॉवेलने खसाखसा पुसून कोरडे करत. मी एकदा विचारले, तर म्हणाले, "ओला पाय सगळीकडं गारच सांगतो. त्याला काय विचारायचं?"

बाष्पीभवनाने पृष्ठभाग थंड होतो, हे मी वर्गात माठाचे चित्र काढून शिकवतो. ज्या पायाने मोजायचे तोच आधी कोरडा असला पाहिजे, ही काळजी माझ्या कुठल्याही पाठात नव्हती.

त्यांची माझी ओळख टाकीपाशी झाली. आमच्या शाळेचे श्रमदानाचे शिबिर त्या गावात होते. एका जुन्या विद्यार्थ्याने मला मोबाइलला जोडायचा एक छोटा उष्मा-कॅमेरा भेट दिला होता, आणि नव्या खेळण्यासारखा मी तो जिथे तिथे रोखत होतो. या कॅमेऱ्याला आपल्या डोळ्यांचा उजेड लागत नाही. प्रत्येक वस्तू आपल्या उबेनुसार जे अदृश्य किरण बाहेर टाकत असते, ते तो टिपतो आणि पडद्यावर रंगात मांडतो. ऊन वस्तू पिवळ्या-नारिंगी, गार वस्तू जांभळ्या. दुपारची वेळ होती. टाकीची शिडी गंजून पडली होती आणि टाकीत पाणी किती आहे, असे कोणीतरी विचारले. देवजीबाबा एका दगडावर चढले, तळहात भिंतीला लावला आणि वरून खाली हळूहळू सरकवत नेला. एके ठिकाणी थांबले, पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले, आणि खिशातल्या कोळशाने तिथे रेघ ओढली.

"इथवर."

मी कॅमेरा रोखला. पडद्यावर टाकीचे सरळ दोन भाग दिसले, वर पिवळा आणि खाली जांभळा. जिथे आतून पाणी टेकले होते तिथली भिंत तापायला तयार नव्हती. दोहोंची सीमा त्यांच्या रेघेच्या जरा खाली होती.

"चार बोटं चुकलात, बाबा," मी म्हणालो. माझ्या स्वरात तेव्हाही थोडी फुशारकी असावी.

ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी बांबू आणवला, एकाला दुसऱ्याच्या खांद्यावर उभे करून झाकणातून तो आत बुडवायला लावला आणि ओल कुठवर आली ते भिंतीशी लावून पाहिले. पाणी बरोबर त्यांच्या रेघेच्या आणि माझ्या रंगाच्या मध्ये होते.

"दोन बोटं तू, दोन बोटं मी," ते म्हणाले. "चल, फिटलं."

त्या भागातली म्हातारी माणसे लहानथोर सगळ्यांना 'तू' म्हणतात. त्यात आदर कमी नसतो. 'सर' म्हणून लगेच 'तू' म्हणणारी ती हाक मला पुढे फार आवडू लागली.

"हे यंत्र आतलं पानी बघतं का?" त्यांनी विचारले.

"नाही बाबा. ते फक्त वरची भिंत बघतं. भिंत गार आहे म्हणून आत पाणी असेल, हा अंदाज आपला."

"म्हंजे माझ्या हातासारखंच. आत नाय जात, वरून वळखतं."

"हो. फक्त न शिवता."

त्यांनी मान डोलावली. "न शिवता वळखायचं म्हंजे जरा जपूनच."

शिबिरानंतर मी तिकडे वरचेवर जाऊ लागलो. त्यांची पत्नी जानीबाई अंगाने बारीक आणि तोंडाने खणखणीत. एकदा तिने चहाचे जर्मनचे, म्हणजे अॅल्युमिनियमचे पातेले चुलीवरून उतरवले. बूड धुराने काळे, वरचा काठ राखेने घासून लख्ख. मी कॅमेरा धरला तर काळे बूड पेटल्यासारखे दिसले आणि तोच चकचकीत काठ मात्र घराच्या कुडाइतका गार.

"हे फसवतंय," जानीबाई म्हणाली. "लाव बोट, सर, त्या काठाला. लाव."

मी बोट लावले आणि झटक्यात मागे घेतले. ती पदर तोंडाला लावून हसली. मग मी समजावून सांगितले. काळा, खरखरीत पृष्ठभाग आपली ऊब मोकळेपणाने बाहेर टाकतो. चकाकता धातू ती आतच धरून ठेवतो आणि आरशासारखा समोरच्या वस्तूंची ऊब परत फेकतो. कॅमेऱ्याला वाटते, ती त्याचीच.

देवजीबाबा बशीत चहा ओतता ओतता थांबले. "म्हंजे चकचकीत भांडं आपलं सांगतच नाय. समोरच्याचं दाखवतं."

"मग उद्यापासनं घासतच नाय मी भांडी," जानीबाई म्हणाली. "आणि सर, हा म्हातारा तर बुडासारखाच काळा हाय. याचं खरं दिसतं का बघ."

मी कॅमेरा त्यांच्याकडे वळवला. कपाळ, छाती, हात सगळे उजळले, पण उंबऱ्यावर टेकलेले तळवे निळसर राहिले.

"पाय थंड दिसतात, बाबा."

"दिसणारच. दिवसभर भुईला ऊब वाटत फिरतात ते."

त्याच दिवशी निघताना एक गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. दुपारचे पाणी सुटले होते. त्यांच्या पाड्याच्या नळावर बायांची रांग होती आणि जानीबाईचा हंडा रांगेच्या शेवटी होता. तो भरेपर्यंत धार दोऱ्याएवढी झाली.

"गावाला पानी सोडणाऱ्याची बायको मी," ती मला ऐकवून म्हणाली, "नि हंडा माझाच शेवटी. याचा नियम."

"तुझा भरला की मला कळतं सगळ्यांचं झालं," देवजीबाबा म्हणाले, आणि चावी खांद्यावर टाकून खालच्या पाड्याकडे निघाले.

पुढच्या मार्चमध्ये खालच्या पाड्याचे नळ कोरडे पडले. टाकी भरत होती, वरच्या तीन पाड्यांना पाणी पोहोचत होते, आणि शेवटच्या पाड्याला हवा येत होती. तिथल्या बाया दरीतल्या झऱ्यावर जाऊ लागल्या. जाऊन यायला अर्धा दिवस. उपसरपंच त्याच पाड्याचा. माणूस वाईट नव्हता. त्याची आईही त्या वाटेने हंडा घेऊन जात होती. लाइन फुटली असती तर कुठेतरी चिखल दिसला असता, आणि चिखल कुठेच नव्हता. देवजी आपल्या पाड्यासाठी खालचा वॉल बंद ठेवतो, अशी कुजबुज सुरू झाली. देवजीबाबांचे म्हणणे वेगळे होते. तिसऱ्या पाड्याच्या पुढे, ऐनाच्या झाडाच्या आसपास, लाइन भुईच्या आतच गळतेय. पाणी खडकाच्या भेगेत जातेय, म्हणून वर येत नाही. पायाच्या सांगण्यावरून मुरूम आणि दगड फोडायला मात्र कोणी तयार होईना. तेव्हा उपसरपंचाला माझा कॅमेरा आठवला.

मी पहाटेच्या जीपने निघालो. मोखाड्याला जीप बदलून गावात पोहोचायला आठ वाजून गेले. दुपारी परीक्षेचे काम असल्याने मला बाराच्या आत परतायचे होते. वाटेत मोखाड्यापासून उपसरपंच सोबत होता. तो म्हणाला, "सर, एक सांगतो. म्हातारा वेळ काढेल. आत्ता नको, मग बघा, असं म्हणेल. तुम्ही ऐकू नका."

लाइनवर पोहोचलो तेव्हा ऊन अंगावर येऊ लागले होते. देवजीबाबा चपला काखेत घेऊन उभे होते. त्यांनी पाय पुसले, चार पावले चालले आणि माझ्याकडे वळले.

"सर, आता नको बघू. आता भुई सारखी झालीय."

"म्हणजे काय?"

"म्हंजे ओलं नि कोरडं पायाला एकच लागतंय. रातभर ओली भुई ऊब धरून ऱ्हाते. दुपारी तीच गार ऱ्हाते. मधी ही एक वेळ येते, सगळं सारखं. आता ती काय नाय सांगणार. दुपारी बघ."

उपसरपंचाने माझ्याकडे पाहिले. त्या दृष्टीत 'मी काय सांगितलं होतं?' एवढेच होते. मला ते पटले, कारण मला बाराच्या आत परतायचे होते. हे वाक्य मी पुष्कळदा तपासून पाहिले आहे आणि त्यात बदल करण्यासारखे काही नाही.

मी लाइनवरून अर्धा तास फिरलो. पडदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच फिक्या नारिंगी रंगाचा. ऐनाच्या झाडापाशीही तसाच. त्यात माळावरचा वारा वाहत होता आणि जो थोडाफार फरक असेल तोही पुसून टाकत होता.

ग्रामपंचायतीच्या ओसरीवर माणसे जमली होती. मी एका कागदावर लिहिले, "पाहणीत गळतीचे कोणतेही चिन्ह आढळले नाही," आणि खाली सही केली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी ते खरे होते. पण उपसरपंचाने विचारले, "मग पाणी जातं कुठं, सर?"

मी म्हणालो, "ते मी सांगू शकत नाही. पण जमिनीत जात नाही, एवढं नक्की."

देवजीबाबा चपला घालून पायरीपाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडे पाहिले.

"यंत्र खोटं नाय," ते म्हणाले. "वेळ खोटी हाय."

दोघे-तिघे हसले. मागून जानीबाई पुढे आली. "सर, माझा हंडा शेवटी भरतो, एवढं तरी सांग यांना. तू बघितलंस."

मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. जीपची वेळ झाली होती. मी तेवढेच म्हणालो.

देवजीबाबांचे काम त्याच आठवड्यात गेले. नंतर ऐकले की त्यांनी चावी धुतली, पुसली आणि स्वतः नेऊन नव्या माणसाच्या हातात दिली. वर सूचनाही दिली, "तिसरा वॉल उघडलास की अर्धा आटा मागं घे, नायतर रडत बसतो." भांडण नाही, शिव्या नाहीत. घरातला कोनाड्याखालचा कोपरा तेवढा रिकामा झाला.

'भुई सारखी झालीय' हे शब्द मात्र माझ्यासोबत जव्हारला आले होते. आठवड्याने सुट्टी होती. मी गच्चीवर दोन परातींत एकाच जागेची माती भरली, एक कोरडी आणि एक आतून ओली, वर दोहोंना कोरड्या मातीचा पातळ थर. रात्रभर त्या उघड्या ठेवल्या आणि उजाडण्याआधीपासून दर अर्ध्या तासाने कॅमेऱ्याने पाहू लागलो. उजाडण्याआधी ओली परात उजळ दिसत होती. पाण्याने दिवसाची ऊब सोडली नव्हती. सूर्य वर आला तशी कोरडी माती भराभर तापू लागली आणि ओली रेंगाळली. साडेआठच्या सुमाराला पडद्यावर दोन्ही पराती एकाच फिक्या नारिंगी रंगाच्या झाल्या. परातींवर मी खडूने खूण केली नसती, तर कोणती कोणती हे मला सांगता आले नसते. दुपारी दोन वाजता कोरडी परात पेटली होती आणि ओली जांभळी होती. दोघींची वाट सकाळी एकदा एकमेकींना छेदते. त्या छेदावरच्या अर्ध्या तासात मी एका माणसाच्या प्रामाणिकपणाचा निकाल दिला होता.

मला त्याच दिवशी निघायला हवे होते. मी निघालो नाही. शाळेचे निकाल लागू द्यावेत, मग जाऊ. पावसाळा सुरू झाला, आता ओले-कोरडे कसे कळणार, मग जाऊ. दरम्यान माझ्या कॅमेऱ्याची कीर्ती झाली होती. एका शिक्षक-मेळाव्यात मला त्यावर बोलायला बोलावले आणि मी टाकीचे चित्र दाखवून टाळ्या घेतल्या. काळे बूड आपली ऊब सांगते आणि चकचकीत काठ समोरच्याची दाखवतो, हा माझा लोकप्रिय भाग होता. ते सांगताना मला जानीबाईची चूल आठवत असे आणि मी पुढच्या चित्राकडे वळत असे.

पहिला उन्हाळा गेला, दुसरा आला. जव्हारच्या एस.टी. डेपोत मला देवजीबाबा दिसले. शेजारी जानीबाई, पायाशी अंथरुणाची वळकटी. मी वेळापत्रकाच्या फळ्यामागे सरकत होतो, तेवढ्यात हाक आली.

"सर! कुठं चाललास?"

"इथंच, बाबा. तुम्ही?"

"खाली वसईकडं, वाडीत कामाला. झाडांना पानी सोडायचं. झाडं बरी, कुजबुजत नाय."

जानीबाईने माझ्याकडे पाहिले आणि तोंड फिरवले. देवजीबाबांच्या पायांत चपला होत्या. ते जरा जवळ आले आणि हळू आवाजात, जणू माझीच अडचण आहे अशा रीतीने म्हणाले, "सर, ते यंत्र त्या दिवशी सकाळी बघत होतं ना? एकदा दुपारी बघशील का? माझं काम ऱ्हाऊ दे. खालच्या पाड्याच्या बाया अजून दरीत उतरतात."

माझ्या घरी त्या दोन परातींची छायाचित्रे वर्षभर पडून होती. मी म्हणालो, "बघू."

त्या एका शब्दापुढे माझी मूळ चूक मला आजही लहान वाटते.

तिसऱ्या उन्हाळ्यात, एप्रिलमध्ये, उपसरपंचाचा फोन आला. "सर, नवा माणूसही तसलाच निघाला. खालचा पाडा अजून कोरडाच. एकदा या, यंत्र घेऊन. आता यालाही काढतो."

एका माणसाचे नाव माझ्या शब्दाने गेले होते, आता दुसऱ्याचे जाणार होते. मी म्हणालो, "येतो. पण दुपारी दोन वाजता. आणि देवजीबाबा घरी असतील तर त्यांना बोलावून ठेवा."

"त्यांना कशाला?"

"लाइन त्यांना माहीत आहे."

ते वाडीवरून परतले होते. थोडे वाकले होते, पण चपला काखेत तशाच. मला पाहून म्हणाले, "दुपारी आलास. बरं केलंस." मी बोलायला तोंड उघडले तर त्यांनी हात वर केला. "आधी भुई बघू. बोलणं कुठं पळतंय?"

ऊन असे होते की मला बुटांतूनही जमीन जाणवत होती. ते दगडावर बसले, तळवे पुसले आणि उठले. "आधी मी, मग तू." खालच्या पाड्याचे लोक, नवा माणूस, उपसरपंच, हंडे घेतलेल्या बाया असे सगळे मागे चालू लागले. ऐनाच्या सावलीत ते थांबले. टाचेने माती उकरली, तळवा दाबून पाहिला आणि म्हणाले, "ही नाय. ही सावलीची गार, वरवरची. खाली तापलेलीच हाय." मग सावलीच्या बाहेर आले, लख्ख उन्हात, उतारावर दहा-बारा पावले गेले. तिथे जमीन बाकीच्या जमिनीसारखीच पांढुरकी, भेगाळलेली, कोरडी दिसत होती. त्यांनी एक पाऊल टाकले, मागे घेतले, पुन्हा टाकले. दोन्ही पाय जोडून उभे राहिले.

"हितं. आता बघ तू."

मी कॅमेरा धरला. सगळा उतार पिवळ्या-नारिंगी रंगात पेटलेला होता आणि त्याच्या मधोमध, बरोबर देवजीबाबांच्या पायांपासून, एक गडद जांभळी जीभ खाली पसरत गेली होती. उपसरपंचाने माझ्या खांद्यावरून पडदा पाहिला. त्याने नव्या माणसाच्या हातातली कुदळ घेतली आणि पहिला घाव स्वतः घातला.

कमरेएवढे खणल्यावर मुरूम ओला लागला. मग एक मोठा धोंडा निघाला. त्याच्या दाबाने पाइप खालून चिरला होता. वरचा वॉल उघडायला लावला तेव्हा त्या चिरेतून पाणी सुटले आणि समोरच्या खडकाच्या भेगेत असे निमूट शिरू लागले, की त्याला तिथली सवय झाली होती हे कोणालाही कळावे. खालच्या पाड्याची एक म्हातारी वाकून त्या पाण्यालाच म्हणाली, "हितंच होतं का रं तू? नि आम्ही दरीत शोधतोय." बाया हसल्या. सगळ्यांच्या नजरा हळूहळू देवजीबाबांकडे वळल्या.

मी खड्ड्याच्या काठावर उभा राहिलो आणि म्हणालो, "मला सगळ्यांसमोर काही सांगायचं आहे."

देवजीबाबांनी ते ऐकले मात्र, काखेतल्या चपला खाली ठेवल्या, पायांची माती झटकली आणि चपला घातल्या. चारचौघांत काही बोलणे व्हायचे असले की ते घालत तशाच. मग हात मागे बांधून, जरा अवघडून, ते जानीबाईच्या शेजारी उभे राहिले. माझ्या डोळ्यांसमोर त्यांची हीच मूर्ती शेवटची. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

"सर, ऱ्हाऊ दे आता," ते म्हणाले. "बाया उन्हात उभ्या हायत."

"राहू देता येणार नाही, बाबा," मी म्हणालो. माझा आवाज मुळात बारीक. त्या माळावर तो मागच्या माणसापर्यंत पोहोचावा म्हणून मी तो पहिल्यांदाच चढवला. "दोन वर्षांपूर्वी मी या गावाला सांगितलं, पाणी जमिनीत जात नाही, एवढं नक्की. ते नक्की नव्हतं. मी चुकीच्या वेळी पाहिलं. बाबांनी मला योग्य वेळ सांगितली होती, मी ऐकली नाही. पुढं आठ दिवसांत माझी चूक मला कळली, आणि तरी मी आलो नाही. जानीबाईंचा हंडा शेवटी भरतो हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी विचारलं तेव्हा मी घड्याळ पाहिलं. डेपोत बाबांनी मला दुपारी ये म्हटलं. मी 'बघू' म्हणालो. देवजीबाबांनी कोणाचं पाणी अडवलं नाही. खरं अडवून ठेवलं ते मी. खालच्या पाड्याच्या बायांनो, तुम्ही तीन उन्हाळे दरी उतरलात, ते मी गप्प बसलो म्हणून. तुम्हा सगळ्यांची मी माफी मागतो. जानीबाई, तुमची मागतो. आणि बाबा, मी चुकलो. मला माफ करा."